आतून दोन फेरे

स्वतःच्या हाताने घडवलेले कुलूप आतल्या बाजूने लावले की कसे वाजते, हे त्याला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. ते कळले एका रविवारी, दुपारी अडीच वाजता, तो टेबलाशी बसून चहाचे कप फडक्याने पुसत असताना. पहिला फेरा जाड होता, पोटातून आल्यासारखा. दुसरा बारीक, आणि त्याच्या शेवटी एक अडखळ: शेवटच्या खटक्याने उचलले जाण्यापूर्वी क्षणभर नाही म्हणावे, तशी. बाहेरून ही अडखळ कधी ऐकू आली नव्हती. दाराचे लाकूड ती गिळून टाकत असावे. गेली सव्वीस वर्षे त्याने हे कुलूप बाहेरूनच लावले होते, कारण अडगळीच्या खोलीत बसून कोणी आतून कुलूप लावून घेत नाही. त्याने कप खाली ठेवला. आपल्या मनात आधी आले ते भय नव्हते, कुतूहल होते, याची त्याला लगेच लाज वाटली. आणि मग ही लाज योग्य की अयोग्य, याचा तो स्वतःशी वाद घालू लागला. वैद्याला स्वतःच्या मुलाची नाडी पाहताना तिचा ठेका ऐकू येऊ नये, असा काही नियम आहे का? कारागिराच्या कानाने नवा आवाज टिपला, यात त्याच्या काळजाचा काय दोष? हा मुद्दा त्याला जवळजवळ पटला होता. तेवढ्यात दुसरी गोष्ट ध्यानात आली, ती ही की किल्ली फिरवणारा हात थोरलीचा होता.

थोरली म्हणजे त्याच्या बहिणीची मोठी मुलगी, तीन महिन्यांनी दहा वर्षांची होणारी. ती आणि तिची सहा वर्षांची धाकटी बहीण तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या घरी राहायला आल्या होत्या. त्याआधीची चार वर्षे, आईवडील एकाच अपघातात गेल्यापासून, त्या अनाथ मुलींच्या संस्थेत होत्या. तीन आठवडे ही मुदत संस्थेने ठरवलेली. ती आज संपत होती. चार वाजता अधीक्षक बाई येणार होत्या. त्या थोरलीला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारणार होत्या, इथे राहायचे आहे का. आणि मिळेल त्या उत्तरावर एक तर कागदावर सही करणार होत्या, नाही तर दोघींना परत नेणार होत्या. परत नेणे म्हणजे नुसते परत नेणे नव्हते. दहा वर्षे पुरी झाली की थोरलीला दुसऱ्या गावच्या, मोठ्या मुलींच्या संस्थेत पाठवायचे, आणि धाकटीला इथेच ठेवायचे, असा तिथला नियम. आणि नियमांचेच बोलायचे तर, मुली आणताना बाईंनी त्याच्या हाती जी टंकलिखित यादी ठेवली होती, तिच्यातले पहिलेच कलम असे होते की मुलांच्या खोलीला आतून कडी, खिट्टी अथवा कुलूप नसावे.

ते कलम त्याने आपल्या परीने पाळले होते. पाळले म्हणजे अंमळ जास्तच पाळले होते. घरातली एकूण एक कडी त्याने काढून टाकली, न्हाणीघराचीसुद्धा. त्यामुळे मामीला, म्हणजे त्याच्या बायकोला, आत असल्याची खूण म्हणून आंघोळ संपेपर्यंत मोठ्याने गाणे म्हणावे लागे, आणि तिला गाणी दोनच येत. एवढे करून एक कुलूप मात्र त्याने काढले नाही, आणि ते नेमके मुलींच्या खोलीचे होते. ते त्याचे पहिले कुलूप. एकविसाव्या वर्षी, उस्तादांच्या हाताखाली, अकरा आठवडे कानस चालवून त्याने त्याचे सहाही खटके घासले होते. त्याने युक्तिवाद केला तो असा: किल्लीवाचून कुलूप हे कुलूपच नव्हे, तो दारात बसवलेला लोखंडाचा ठोकळा, तेव्हा किल्ली काढून स्वयंपाकघराच्या दारावर, सात फुटांवरच्या खिळ्याला अडकवली, की कलमाचे पालन झाले. स्वतःचे युक्तिवाद त्याला फार चटकन पटत. चार वर्षांपूर्वीही एक पटला होता.

मुलींच्या खोलीच्या दारापुढे धाकटी पाय पसरून, पाठ दाराला लावून बसली होती. पहारेकऱ्याला शोभेल असा तिचा चेहरा होता.

"ताई कुठंय?"

"आत."

"किल्ली कशी काढली तिनं?"

"स्टुलावर मी घोडा झाले. ताई माझ्यावर उभी राहिली." तिने पाठ वळवून फ्रॉकवरचे दोन मळके ठसे दाखवले. "हे तिचे पाय."

"पडली असती म्हणजे?"

"नाही पडली," धाकटी म्हणाली. तिच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता.

"आणि आत काय करतेय?"

"ते सांगायचं नाही असं सांगितलंय." तिने जरा विचार केला. "पण वेळ लागणार आहे. तुम्ही बसा ना, मामा."

तो बसला नाही. त्याने दारावर बोटाच्या पेराने दोनदा ठोठावले आणि थोरलीला हाक मारली. आतून उत्तर आले, शांत आणि आदबशीर, रांगेत उभे राहून द्यावे तसे: "आहे." बस, एवढेच. संस्थेत रोज संध्याकाळी मुलींची मोजणी होई. लांबलचक खोलीत खाटांच्या दोन रांगा, दारांच्या जागी पडदे, आणि प्रत्येक मुलगी आपल्या खाटेपाशी उभी राहून आपला आकडा ओरडे. एखादा आकडा आला नाही, तर तो सापडेपर्यंत बाकीच्या सगळ्यांनी उभे राहायचे. हे त्याला कळले ते मुली आल्या त्या पहिल्या रात्री, जेवणाच्या वेळी. मामीने ताटे मांडताना सहज "एक, दोन, तीन, चार" म्हटले, आणि धाकटी ताठ उभी राहून ओरडली, "सतरा!" मामीच्या हातातला चमचा पडला. मग सगळे हसले होते; थोरली सोडून. थोरलीने विचारले होते, "इथं मोजत नाहीत का?" मामी म्हणाली, "चौघं तर आहोत. मोजायचं काय?" त्या रात्रीपासून थोरलीची नजर घरात काहीतरी शोधत असल्यासारखी फिरते आहे, असे त्याला वाटू लागले. ती ड्रॉवर उघडी, आत पाही, आणि काही न घेता मिटून टाकी. कपाटाच्या मागे वाकून पाही. पाचव्या दिवशी तो टेबलाशी एक जुने कुलूप खोलून बसला असता ती त्याच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ह्याच्या आत काय असतं?" त्याच्या हातातला पेचकस थांबला होता. हा प्रश्न, याच शब्दांत, याच खांद्यामागून, त्याने पूर्वी ऐकला होता. त्याची बहीण आठ वर्षांची असताना त्याने चोरून आणलेले पहिले मोडके कुलूप दोघांनी पलंगाखाली बसून फोडले, तेव्हा तिने हेच विचारले होते. आणि आत निघाले दोन गंजके खटके व एक मेलेली मुंगी. बहिणीने ती मुंगी आगपेटीत ठेवली. "हीच राखणदार होती," ती म्हणाली होती.

"अहो, काय चाललंय?" मामी हातात शिवायला घेतलेला पडदा तसाच घेऊन आली. पडदा याच खोलीचा होता; बाई येण्यापूर्वी तो लागायला हवा होता. तिने दाराकडे पाहिले, धाकटीकडे पाहिले, मग खिळ्याकडे पाहिले आणि सगळे समजली. "तरी मी म्हणत होते, ते कुलूप काढा. पण नाही. त्याच्यात जीव अडकलाय ना तुमचा."

"निघेल बाहेर."

"कधी? बाई जिना चढून आल्यावर? गावभरच्या बायकांची पोरं न्हाणीघरातून काढून देता, आणि घरच्या कुलपापुढं असे पुतळ्यासारखे उभे! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. उघडा ना!"

उघडायला तीन मिनिटे पुरेशी होती. किल्ली आतून कुलपातच असल्याने दोनच. दाराखालच्या फटीतून वर्तमानपत्राचे पान आत सरकवायचे, किल्लीच्या भोकात तार घालून किल्ली आतल्या बाजूला ढकलायची, ती पानावर पडली की पान बाहेर ओढायचे. शेकडो वेळा त्याने हे केले होते, आणि प्रत्येक वेळी दारापलीकडच्या रडक्या मुलाची आई त्याचे हात धरून आभार मानी. त्याने वर्तमानपत्र आणले, आतले एक पान सोडवले आणि गुडघे टेकून ते फटीतून सरकवले. मग तार वाकवून भोकाशी नेली. तेव्हा त्याला आतला आवाज प्रथम नीट ऐकू आला. रडण्याचा नव्हे, सामान ओढल्याचाही नव्हे. पंजा भिंतीवर टेकावा, सरकवावा, पुन्हा टेकावा, असा. मध्ये विराम, आणि विरामात एक पुटपुट. पंजा दाराच्या दिशेने येई, कोपऱ्यापाशी थांबे आणि खाली जमिनीवर उतरे. ही मुलगी लपली नव्हती, की रुसली नव्हती. ती काम करत होती. कामाचा आवाज ओळखायला त्याला दुसऱ्याची साक्ष लागत नसे.

तारेचे टोक किल्लीला लागले. किल्ली किंचित हलली, आणि आतला पंजा जागच्या जागी थांबला. दाराच्या दोन बाजूंना दोन माणसे श्वास धरून होती, आणि मध्ये सहा खटके. उस्ताद म्हणत, बळाने उघडलेले कुलूप हे कुलूप उरत नाही, ते भंगार होते. आणि तो तरुणपणी हुज्जत घाले, की खटका तारेने उचलला काय किंवा किल्लीने उचलला काय, खटक्याला काय कळते? उस्तादांनी उत्तर दिले नव्हते. ते आज इतक्या वर्षांनी मिळाले, असे मात्र त्याला म्हणवेना. एवढेच जाणवले की तार पुढे ढकलायला बोटे तयार नाहीत. या घरात आल्यापासून या मुलीने एकच दार स्वतः लावले होते. जिथे दारे नव्हती तिथे चार वर्षे ती राहिली, आणि ती तिथे चार वर्षे राहिली याचे कारण या दाराच्या बाहेरच्या बाजूला गुडघ्यांवर बसले होते.

कारण खोली तेव्हाही होती. बहिणीच्या मागे, अधीक्षक बाईंच्या कचेरीत, त्याला विचारले गेले होते: "तुमच्याकडे काही सोय?" तो म्हणाला होता, "घरी विचारून सांगतो." घरी त्याने विचारले नाही. एका आठवड्याने पत्र लिहिले, की जागेची अडचण आहे. हे खोटे होते का, यावर त्याने बरीच वर्षे दोन्ही पक्षांनी वकिली केली होती. खोलीत चौदा खोकी होती, जुन्या कुलपांनी भरलेली; कामाचे टेबल होते; दार अर्धेच उघडे. मग अडचण नव्हती असे कोण म्हणेल? पण प्रतिपक्ष बारीक आवाजात विचारी: खोकी हलत नाहीत का? त्या प्रश्नाशी आला की तो उठून कामाला लागे. खरे म्हणजे त्या खोलीत तो एकटा असे, आणि तिथल्या वस्तू त्याने विचारल्याशिवाय बोलत नसत. आणि पत्र लिहिण्यापूर्वी एकदा भेटायला गेला असताना थोरलीने मान वर करून त्याच्याकडे अगदी त्याच्या बहिणीसारखे पाहिले होते. हे कारण होते, की निमित्त? वर्षातून दोनदा तो बिस्किटांचे पुडे घेऊन भेटायला जाई, आणि परतताना आपण जातो तरी, असे स्वतःला सांगे. मग सहा महिन्यांपूर्वी थोरलीला दुसरीकडे हलवण्याबद्दल संस्थेचे पत्र आले आणि ते मामीने फोडले. "ह्यात 'पूर्वी कळवल्याप्रमाणे जागेची अडचण कायम असल्यास' असं लिहिलंय," ती म्हणाली. "पूर्वी कुणी कळवलं?" त्याने सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे चार वर्षं तिथल्या सगळ्यांना मामीच दुष्ट वाटत असणार." दुसऱ्या दिवशी तो दुकानातून परत आला, तर तिने एकटीने नऊ खोकी जिन्यात आणून ठेवली होती. उरलेली पाच त्याने हलवली. फरशीवर राहिलेले गंजाचे डाग दोघांनी घासले. ते निघाले नाहीत.

त्याने तार मागे घेतली. "नाही उघडत," तो म्हणाला.

"उघडत नाही, का उघडत नाही तुम्ही?" मामीने विचारले.

"मी."

मामी काही बोलणार होती. इतक्यात फटीतले वर्तमानपत्र हलले. आधी थोडेसे, मग सर्रकन, आणि अख्खे पान आत नाहीसे झाले. धाकटी खुदकन हसली. "ताईला कागद पाहिजेच होता," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं ना, बसा." आता आतून पेन्सिलीचा आवाज येऊ लागला, लांब, सरळ रेघांचा, आणि तो दाराला पाठ लावून धाकटीच्या शेजारी खरोखरच बसला. मामी क्षणभर दोघांकडे पाहत राहिली, मग खुर्चीवर बसून पडद्याला टाके घालू लागली. किती वेळ गेला, हे त्याने पाहिले नाही. आत काय असते, एवढा एकच विचार मनात फिरत होता, आणि त्याला कसलीही घाई नव्हती. दारावरची घंटा वाजली तेव्हा चारला दहा मिनिटे कमी होती. अधीक्षक बाई कुठेही वेळेआधी पोचत.

त्या उंच, सडपातळ, काखेत कागदांची पिशवी घेतलेल्या बाई होत्या. चार वर्षांत त्यांच्या आवाजात त्याने चढउतार ऐकला नव्हता. जमिनीवर बसलेल्या दोघांकडे त्यांनी पाहिले. "मोठी कुठंय?"

"आत," धाकटी म्हणाली.

"दाराला कुलूप आहे?"

"आहे," तो उठत म्हणाला.

"यादी वाचली होती तुम्ही?"

"वाचली होती."

"तुम्हाला उघडता येत नाही?"

"येतं."

"मग?"

तो युक्तिवाद शोधू लागला. एकही सापडला नाही. बाईंनी दाराशी जाऊन मुलीला हाक मारली. आतून "आहे" आले. बाई परत फिरल्या आणि मामीने पुढे केलेल्या खुर्चीवर बसल्या. "मूल कुठंय ते कळत नाही, तेव्हा आम्ही घाबरतो," त्या म्हणाल्या. "आत आहे, ते कळलंय. पाच मिनिटं थांबू." आणि घड्याळ पाहू लागल्या.

ती पाच मिनिटे लागली नाहीत. दाराखालून वर्तमानपत्राचे पान बाहेर आले. एका मोठ्या जाहिरातीचा अर्धा भाग कोरा होता, त्यात पेन्सिलीने चौकोन काढला होता. एका बाजूला लिहिले होते: अठरा वीत. दुसऱ्या बाजूला: सोळा वीत. आत, खिडकीखाली, चार ठिपके आणि त्यांना जोडणारा चौकोन. ते टेबल होते. फरशीवर त्याच्या पायांचे चार खळगे पडले होते. दोन भिंतींना लागून सात लहान चौकोन, प्रत्येकी तीन वीत. खोकी एकावर एक दोन-दोन रचलेली असत, म्हणून चौदा खोक्यांचे डाग सात. एकही डाग चुकला नव्हता. खोली तेव्हा जशी होती तशी, ती कधीही न पाहिलेल्या मुलीने गंजावरून वाचून काढली होती. आणि उरलेल्या जागेत, दाराच्या डावीकडे, तिने एक खाट काढली होती. अकरा वीत लांब, पाच रुंद. खाटेवर, उशीच्या जागी, दोन गोल. एकच खाट. दोन डोकी. चहूकडून मोकळी जागा सोडून ती खाट तिथे मावत होती.

मामीने कागद वाकून पाहिला आणि एका हाताने त्याच्या बाहीला धरले. बाई उठून आल्या, त्यांनीही पाहिला; त्यांना तो कळला की नाही, सांगता येत नव्हते.

"मामा," दाराआडून थोरली म्हणाली. आवाज अगदी जवळून आला. मघाशी तो टेकला होता तशी तीही दाराला टेकून असावी. "हे बरोबर आहे का? एखादं खोकं राहिलंय का माझं?"

तो खोक्यांची संख्या सांगू शकला असता. दार अर्धेच उघडे, हेही सांगू शकला असता. आणि बायको आणि बाई दोघी ऐकत होत्या. "नाही राहिलं," तो म्हणाला. "बरोबर आहे."

"मग आम्ही मावत होतो."

"हो."

"मग तुम्ही जागा नाही असं का लिहिलं? संस्थेत तसंच सांगायचे आम्हाला."

"मी मोजलं नव्हतं," तो म्हणाला. हेही पुरते खरे नाही, हे त्याच्या ध्यानात आले. "मोजलं असतं तर मावला असतात, म्हणून मोजलं नाही. आणि मामीला मी विचारलंही नव्हतं. तिचा ह्यात काही दोष नाही."

आत आता काय चालले आहे, हे ओळखण्याइतका त्याचा कान तयार नव्हता. बाईंनी पिशवी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. मग कुलूप वाजले. उलट्या फेऱ्याने, म्हणजे अडखळ आधी आणि जाड आवाज नंतर. आणि दार उघडले. थोरलीचे गुडघे गंजाने तांबडे झाले होते. पेन्सिल कानामागे होती, किल्ली मुठीत.

"दुसऱ्या फेऱ्याला अडकतं हे," ती म्हणाली.

"हो. मला आजच कळलं."

"चल," बाई तिला म्हणाल्या, "तुला एक विचारायचंय. आपण दोघी जरा आत बसू."

"इथंच विचारा ना."

बाईंनी इतरांकडे पाहिले. नियमात तसे बसत नव्हते. "बरं. इथं राहायचंय का तुला?"

थोरलीने मामीकडे पाहिले, तिच्या मांडीवरून घसरलेल्या पडद्याकडे पाहिले, धाकटीच्या पाठीवरचे ठसे झटकले. ते गेले नाहीत. मग तिने स्वयंपाकघराच्या दारावर, सात फुटांवरच्या खिळ्याकडे बोट केले. "तो फार वर आहे," ती त्याला म्हणाली. "खाली ठोका. माझा हात पोचेल असा."

"म्हणजे?" बाईंनी विचारले.

"म्हणजे रोज हिच्या पाठीवर उभं राहायला नको."

"माझा हात पोचेल असा ठोका!" धाकटी ओरडली.

"तुला अजून वेळ आहे," थोरली म्हणाली.

बाईंनी पिशवीतून कागद काढला. पहिल्या कलमाशी त्यांचे पेन थांबले, बराच वेळ थांबले. मग पान उलटून त्या सहीच्या जागेकडे गेल्या. तो हातोडी घेऊन आला तेव्हा थोरली चौकटीला पाठ लावून उभी होती आणि तिने हात सरळ वर केला होता. कानामागची पेन्सिल त्याने मागून घेतली आणि तिच्या मधल्या बोटाच्या टोकाशी खूण करायला गेला. मापाच्या बाबतीत तो काटेकोर माणूस होता.

"टाचा उचलू नकोस."

"नाही उचलल्या."

त्याने वाकून पाहिले. दोन्ही टाचा जमिनीला पुऱ्या टेकलेल्या होत्या.